डास ओळखणाऱ्या बाई

बाईंच्या घरात डास मारायला बंदी होती. रोह्याला त्यांच्या वरच्या खोलीत मी भाड्याने राहायला गेले, त्याच दिवशी हे मला कळलं. माझं सामान रिक्षातून पुरतं उतरलंही नव्हतं. बाईंनी चहा पुढे केला. माझ्या मनगटावर काहीतरी बसलं म्हणून मी दुसरा हात उगारला, तर त्यांनी तो वरच्यावर पकडला.

“मारू नका. चेहरामोहरा बिघडतो त्याचा. आधी ओळखू या.”

असं म्हणत त्यांनी एक छोटी काचेची बाटली माझ्या मनगटावर उपडी घातली आणि तिच्याखालून अलगद पुठ्ठ्याचा तुकडा सरकवला. माझं रक्त पोटात घेऊन डास आत बंद झाला. ती बाटली त्यांनी फ्रीजरमध्ये बर्फाच्या ट्रेशेजारी ठेवली. गारठला की तो हलत नाही, मग फोटो स्वच्छ येतो, हे त्यांनी मला शाळेतल्या मुलीला सांगावं तसं सांगितलं आणि मग चहात साखर बरोबर झालीय का, ते विचारलं.

मी साताऱ्याकडची. धाटावच्या एका कंपनीत लॅबमध्ये नोकरी लागली म्हणून इकडे आलेली. बाई मूळच्या पेणच्या. लग्न होऊन रोह्याला आल्या, पण शिकवलं शेवटपर्यंत पेणच्याच एका शाळेत, रोज एसटीने जाऊन-येऊन. विषय शास्त्र. यजमान बऱ्याच वर्षांपूर्वी गेले होते, मूलबाळ नव्हतं. निवृत्त झाल्यावर लोक भजनी मंडळात जातात, त्या डासांकडे वळल्या. एका प्रयोगशाळेतल्या लोकांनी सामान्य माणसांना आवाहन केलं होतं, की दिवसा चावणारा पट्ट्यांचा डास दिसला तर मोबाइलवर फोटो काढून, जागा लिहून आम्हाला पाठवा. कुठला डास कुठवर पोचलाय याचा नकाशा त्यांना करायचा होता. बाईंच्या एका जुन्या विद्यार्थिनीने तो मजकूर त्यांना पाठवला आणि तेव्हापासून बाईंचं उरलेलं आयुष्य त्या कामाला लागलं.

त्यांचा अवतार पाहण्यासारखा असायचा. साडीवर यजमानांचा पूर्ण बाह्यांचा शर्ट, पायांत मोजे, गळ्यात दोरीने बांधलेलं भिंग, पिशवीत चहाची गाळणी आणि पांढरी प्लास्टिकची वाटी. भर दुपारी बॅटरी घेऊन त्या लोकांच्या मोरीमागच्या पिंपात डोकावायच्या. ओळखीचं कुणी रस्त्यात भेटलं तर त्या आधी त्याच्या घोट्यांकडे बघत आणि मग चेहऱ्याकडे. नदीपलीकडच्या अष्टमीतली पोरं त्यांना मच्छरबाय म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं आणि त्याचं त्यांना काही वाटत नसे.

पट्ट्यांचे डास दोन जातींचे, हे मी त्यांच्याकडून शिकले. एक आपल्याकडचाच, झाडाझुडपांतला. त्याच्या पाठीवर मधोमध एक सरळ पांढरी रेघ असते. दुसरा मूळचा आफ्रिकेतला, फार पूर्वी जहाजांमधून जगभर गेलेला, शहरांत मुरलेला आणि आता पिंपं, टायर, बांधकामं यांच्या मागोमाग खेड्यांकडे सरकणारा. त्याच्या पाठीवर दोन कंस असतात, बाहेरच्या बाजूला वाकलेले. पहिल्याला बाई ‘आपला’ म्हणायच्या, दुसऱ्याला ‘पाहुणा’. डेंग्यू दोघंही पसरवतात, पण पाहुणा माणसाच्या घरातच राहतो, पलंगाखाली, कपड्यांच्या मागे, आणि माणसाखेरीज त्याला फारसं काही गोड लागत नाही.

“रात्रीचे डास गातात तरी,” त्या एकदा म्हणाल्या. “हा येतो ते कळतसुद्धा नाही. मागून येतो, घोट्याला चावतो आणि आपण भाजी चिरत असतो.”

मला तेव्हा वाटायचं, या बाईला कशाचीच भीती नाही. सापळे म्हणून त्यांनी काळ्या रंगाचे प्लास्टिकचे पेले ठेवले होते. पेल्यात अर्धं पाणी आणि आत आइस्क्रीमची लाकडी काडी. तुळशीमागे एक, एसटी स्टँडच्या कॅन्टीनमागे एक, ओळखीच्या शिंप्याच्या दुकानात एक, असे ते गावभर पसरले होते. काडीवर काजळाच्या कणांसारखी अंडी दिसली की त्या काडी बाटलीत घालून घरी आणायच्या. मोबाइलवर त्यांचा एक ग्रुप होता. रोह्या-पेणच्या बायका, जुने विद्यार्थी, एक फुलवाली असे सगळे त्यात फोटो टाकायचे. कुणी माशीचा टाकायचं, कुणी नुसत्या भिंतीवरच्या डागाचा. बाई प्रत्येकाला उत्तर द्यायच्या आणि रागवायच्या नाहीत.

पण हळूहळू मला दुसरंही दिसायला लागलं. सकाळी नऊच्या उन्हात त्या मच्छरदाणी सोडून आत बसलेल्या असायच्या, पेपर वाचत. घरात कुणाला साधं अंग दुखलं तरी त्यांचा चेहरा पांढरा पडायचा. मला सर्दी झाली तेव्हा दिवसातून कितीदा तरी जिन्याखालून विचारायच्या, ताप आहे का, डोळ्यांच्या मागे दुखतं का. एकदा मी गमतीत म्हणाले की तुम्ही डासांना घाबरत नाही आणि सर्दीला घाबरता. त्यांनी भिंग पुसत शांतपणे सांगितलं, की मला रोज भीती वाटते, सकाळी डोळा उघडल्यापासून. म्हणून तर बघते. न बघता घाबरणं फार वाईट.

ती भीती मलाही लागली, हे मला एका रविवारी कळलं. खिडकीत मी काचेच्या बाटलीत मनीप्लँट लावला होता. सहज पाणी बदलायला घेतली तर आत बारीक वळवळणारं काहीतरी वरखाली होत होतं. माझ्या उशीपासून हातभर अंतरावर. मी ओरडले नाही, पण बाटली हातात धरवेना. बाईंनी ती वर येऊन नेली, आणि त्या दिवसापासून मी फ्रीजमागचा ट्रे, कूलर, कुंड्यांखालच्या बशा, सगळं तपासल्याशिवाय झोपेनाशी झाले. फ्रीजला मागे ट्रे असतो हेच मला तोवर माहीत नव्हतं.

बाईंचं माहेर पेणला. धाकटा भाऊ, ज्यांना सगळे अण्णा म्हणत, त्यांचा गणपतींचा कारखाना होता. गणपतीच्या आधीच्या महिन्यांत पेणमध्ये दुसरा विषयच नसतो. गल्लीगल्लीत प्लास्टरच्या धुळीने पांढरी झालेली माणसं, पत्र्याच्या शेडला जोडून काढलेले ताडपत्रीचे मांडव, आणि त्यांत रांगेने उभे बिनरंगाचे गणपती. अण्णांची सून मानसी तिथे डोळ्यांची आखणी करायची. ती वडखळकडच्या खारेपाटातली, आगऱ्यांची मुलगी. तिचे वडील मिठागरावर कामाला होते. लग्नाआधी तिने कधी कुंचला धरला नव्हता, पण हात असा स्थिर, की अण्णांनी जुन्या कारागिराकडून ते काम काढून तिच्याकडे दिलं. त्या श्रावणात तिला सहावा महिना होता.

मला सुट्टी होती म्हणून बाईंबरोबर मीही गेले. नागोठण्याला पुलावरून अंबा नदीचं पाणी बघून बाई म्हणाल्या, यंदा फार झालाय पाऊस. एवढंच. कारखान्यात मानसी पाट घेऊन एका मोठ्या मूर्तीसमोर बसली होती. ती बाईंच्या पाया पडायला उठायला लागली, तर बाईंनी तिला खांद्याला धरून बसवलं आणि सवयीप्रमाणे तिच्या घोट्यांकडे पाहिलं. घोट्यांवर लाल पुळ्या होत्या. मानसी हसून म्हणाली, “दिवसभर चावतात, आत्या. हात रंगाचं असतात, खाजवायला पन येत नाय.”

बाई तशाच वळल्या. मागच्या बाजूला गेल्या आणि शिडी लावून वर चढायला लागल्या. ताडपत्री वाऱ्याने उडू नये म्हणून वर जुने टायर ठेवलेले होते. मी खाली शिडी धरून उभी. त्या एका टायरवर वाकल्या, गाळणी फिरवली, वाटीत पाहिलं. मग टायरची बाजू बोटाने पुसली आणि बराच वेळ तशाच राहिल्या. उतरल्या तेव्हा त्यांचा हात माझ्या हाताला लागला. थंडगार होता.

त्यांनी अण्णांना बाजूला घेऊन सांगितलं, की वर टायरांत अळ्या भरल्यात, आजच काढून टाक. अण्णा वाईट माणूस नव्हते. पण ऑर्डरी तोंडावर आलेल्या, वर पाऊस, टायर काढले तर ताडपत्री उडणार आणि ओलं प्लास्टर म्हणजे सगळ्या वर्षाच्या कमाईवर पाणी. गणपती गेले की सगळे काढतो, असं त्यांनी शपथेवर सांगितलं. वर हेही म्हणाले, की तुझं ते डासांचं इथे कामगारांसमोर काढू नकोस, उद्या कुणी कामावर यायचं नाही. बाईंनी फार ताणलं नाही. मला त्याचं नवल वाटलं. रोह्यात एका पिंपासाठी त्या नगरपरिषदेच्या पायऱ्या झिजवायच्या.

परतीच्या एसटीत त्यांनी मला कारण सांगितलं. आमच्या नाक्यावर एक गॅरेज आहे. मी रोह्याला यायच्या आदल्या वर्षी त्याच्या मागे टायरांचा ढीग होता आणि त्यात बाईंना पाहुणा सापडला होता. त्यांनी अर्ज केले, गॅरेजवाल्याशी भांडल्या, शेवटी गल्लीतल्या बायकांना घेऊन उभ्या राहिल्या, तेव्हा एक टेम्पो आला आणि सगळे टायर घेऊन गेला. बाईंनी त्या दिवशी आनंदाने गल्लीला शिरा वाटला. टायर कुठे गेले हे कुणी विचारलं नाही. तो गॅरेजवाला आपल्या टायरांवर पिवळ्या ऑइलपेंटने एक फुली मारत असे. अण्णांच्या ताडपत्रीवरच्या टायरांवर तीच पिवळी फुली होती.

“त्याची अंडी कोरडी पडली तरी मरत नाहीत,” बाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. “महिनोन्‌महिने तग धरतात. पाणी पडलं की फुटतात. मला हे माहीत होतं. मी मुलांना शिकवलंय.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी गॅरेजवाल्याला विचारलं. तो जॅकखालून मान बाहेर काढून म्हणाला, “पेनलाच गेलं ना बाई. गनपतीवालं नेतात, मांडवावर ठेवायला. तुमीच बोललात, कुटंपन ने पन इथून ने.” बाई आल्या पावली परत फिरल्या. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत.

प्रयोगशाळेचं उत्तर आलं. टायरातल्या अळ्या बाटलीतून घरी आणून बाईंनी त्यांतून निघालेल्या डासाचा फोटो पाठवला होता, तो पाहुण्याचाच होता. तिकडच्या लोकांनी आभार मानले होते आणि नकाशावर पेणच्या त्या गल्लीवर एक ठिपका उमटला होता. बाईंनी मला तो मोबाइलवर दाखवला. बोट त्यांनी त्या ठिपक्यावर ठेवलं होतं.

मग त्या रोज पेणला फोन करू लागल्या. मानसी कशी आहे, बरं आहे ना, अंग तापलंय का. अण्णा वैतागले. ताई, तू अभद्र बोलू नकोस, म्हणाले. आणि त्याच आठवड्यात मानसीला ताप आला.

त्या वेळची बाईंची अवस्था मी विसरणार नाही. त्या बसायच्या नाहीत, हातात फोन घेऊन या खोलीतून त्या खोलीत जायच्या. डॉक्टरांनी रक्त तपासलं, डेंग्यू निघाला. घरी ठेवलं तरी चालेल, पण पोटुशी आहे तेव्हा लक्ष ठेवा, काही वेगळं वाटलं तर लगेच आणा, असं त्यांनी बजावलं होतं. काही दिवसांनी अण्णांच्या मुलाचा फोन आला, ताप उतरला. त्याच्या आवाजात हसू होतं. घरी देवापुढे साखर ठेवली होती. मीसुद्धा हुश्श केलं. बाईंकडे पाहिलं तर त्या चपला घालत होत्या.

मला म्हणाल्या, चला. मी सेकंड शिफ्टला जाणार होते, ती मी बदलून घेतली. एसटीत त्यांनी मला सांगितलं, की या तापात सगळ्यांना वाटतं ताप उतरला म्हणजे सुटलो, आणि खरा धोका त्याच दोन दिवसांत असतो. रक्तातलं पाणी झिरपून बाहेर जातं, माणूस बसल्या जागी गार पडत जातो. नागोठण्यापर्यंत त्या बोलत राहिल्या, जणू बोलणं थांबलं तर काहीतरी होईल. त्यानंतर पेण येईपर्यंत त्या फोन लावत राहिल्या, पण तिकडे कुणी उचलला नाही.

मानसी कारखान्यात होती. अंगात ताप नाही, कामं पडलीत, म्हणून ती पुन्हा पाटावर जाऊन बसली होती. समोर डोळे नसलेल्या मूर्ती ओळीने उभ्या. तिने एका मूर्तीचा एक डोळा काढला होता आणि दुसरा काढायच्या आत कुंचला खाली ठेवला होता. बाईंनी तिचा हात हातात घेतला. मीही घेतला. ओल्या मातीसारखा गार होता. बाईंनी विचारलं, पोटात दुखतं का. मानसीने होकारार्थी मान हलवली. सकाळपासून दुखत होतं, दोनदा उलटी झाली होती, पण बाळामुळे असेल असं तिला वाटलं होतं आणि घरात आत्ताच सगळे सुखावले होते, म्हणून ती बोलली नव्हती.

अण्णा म्हणाले, अगं ताप उतरलाय तिचा. बाई आयुष्यात पहिल्यांदा भावावर ओरडल्या असतील. “गाडी काढ. आत्ता.”

मूर्ती पोचवायचा टेम्पो दारात होता, पण अण्णांच्या मुलाने शेजाऱ्याची गाडी आणली. पनवेलपर्यंतचा तो रस्ता माझ्या अजून अंगावर येतो. खड्डे, पाऊस, पुढे कंटेनरच कंटेनर. मागच्या सीटवर मानसी माझ्या खांद्यावर डोकं टाकून होती आणि तिचे ओठ पांढरे पडत चालले होते. बाई तिचे तळपाय चोळत होत्या. मानसीने एकदाच विचारलं, “आत्या, बाल हालत नाय. झोपलं असंल ना?” बाईंनी होय म्हटलं. मी त्यांच्याकडे पाहिलं आणि चटकन बाहेर पाहिलं.

इस्पितळात तिला थेट आत नेलं. पुढचे दोन दिवस आम्ही बाहेरच्या बाकांवर काढले. नर्स येऊन रक्ताचे आकडे सांगायची. ते खाली जात होते. अण्णा भिंतीला टेकून उभे असायचे, बाईंच्या शेजारी बसायचे नाहीत, लांबही जायचे नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, आता धोका टळला, बाळाचे ठोकेही व्यवस्थित आहेत. अण्णा तिथेच खाली बसले. उशीर झाला असता तर काय, हे डॉक्टरांनी सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही.

सगळ्यांना वाटलं, बाईंचं तिथे कौतुक होईल. होतही होतं. अण्णांनी सगळ्यांदेखत बहिणीचे पाय धरले. पण बाईंनी पाय मागे घेतले. मानसीला बसता येऊ लागलं त्या दुपारी त्या तिच्या पलंगाशी गेल्या, अण्णांना बोलावून घेतलं आणि टायरांचं सगळं सांगितलं. ते आमच्या गल्लीतून मीच हाकलले, ते तुझ्या मांडवावर आले, मी वर चढून फुली ओळखली, आणि त्या दिवशी तुला हे सांगायला घाबरले. तू ऐकलं असतंस कदाचित. त्यांनी हेही सांगितलं, की मानसीला चावला तो त्यांतलाच होता हे सिद्ध करता येत नाही, डास कुठूनही येतो, पण शक्यता आहे, आणि ती मी तुमच्यापासून लपवणार नाही. वर्गात सांगावं तसं त्यांनी हे एकेक सांगितलं. फक्त आवाज त्यांचा नव्हता.

अण्णा ऐकत राहिले. मग उठून बाहेर गेले. मानसी खिडकीकडे बघत होती. थोड्या वेळाने तिने एवढंच विचारलं, टायर अजून वर हायत का. नवरा म्हणाला, नाहीत, सगळे खाली आणून कापले, ताडपत्री आता वाळूच्या गोण्यांनी दाबलीय. तिने डोळे मिटले.

त्यानंतर अण्णांचा फोन येणं बंद झालं. गणपतीला बाई माहेरी गेल्या नाहीत. सापळ्यांचं काम मात्र सोडलं नाही, उलट वाढवलं. आता टायर दिसला की तो हलवा म्हणायच्या नाहीत. त्याला भोकं पाडून घ्यायच्या, तिथल्या तिथे, स्वतः उभं राहून. शर्टाच्या बाह्या त्यांना सैल व्हायला लागल्या होत्या. दिवाळीनंतर मुलगी झाल्याचं त्यांना एका जुन्या विद्यार्थिनीकडून कळलं. बारशाचं बोलावणं मानसीनेच फोन करून केलं, पण बाई गेल्या नाहीत. मला म्हणाल्या, मी त्या घरात पाय ठेवला आणि त्या मुलीला पुढे काही झालं तर? मी समजूत घालायचा प्रयत्न केला. त्या पिशवी उचलून पेले बघायला निघाल्या.

मार्गशीर्षात एका दुपारी दाराशी रिक्षा थांबली. मानसी उतरली, एकटीच, उराशी दुपट्यात गुंडाळलेली मुलगी घेऊन. बाई दार उघडून बघतच राहिल्या. मग ये, बस म्हणायच्या आधी त्यांनी खिडक्या लावल्या, पंखा मोठा केला, बॅटरी घेऊन पलंगाखाली पाहिलं, कपड्यांची दांडी झटकली, मोरीचं दार ओढून घेतलं. मानसी मधोमध उभी राहून हे सगळं होऊ देत होती. मला वाटतं, तिला ठाऊक होतं की याला वेळ लागणार.

शेवटी बाई थांबल्या, भिंतीला टेकून, दोन्ही हात पाठीमागे. त्यांना धाप लागली होती. मानसीने मुलगी पुढे केली. बाईंनी हात पुढे केले नाहीत.

“हिला काही चावलं म्हणजे?” त्यांनी विचारलं. इतक्या बारीक आवाजात मी त्यांना कधी बोलताना ऐकलं नव्हतं.

“चावंलच ना, आत्या,” मानसी म्हणाली. “कोन थांबवनार हाय? तुमी धरा तिला.”

बाईंनी हात पुढे केले. मुलगी झोपेतच होती. तिला छातीशी घेऊन त्या खुर्चीवर टेकल्या आणि मानसी आत जाऊन सगळ्यांसाठी चहाचं आधण ठेवू लागली.